१९३२ च्या फोर्ड रोडस्टरला मडगार्ड ठेवावेत की काढावेत?

प्रश्न थोडक्यात असा. कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोजवळ राहणाऱ्या एका वाचकाने हॉट रॉड केलेली, म्हणजे वेगासाठी बदल केलेली, १९३२ ची फोर्ड रोडस्टर (पक्के छप्पर नसलेली उघडी गाडी) घेतली आहे. चासी (खालचा सांगाडा) मूळची, बॉडी लोखंडी, इंजिन फोर्डचे जुने फ्लॅटहेड व्ही-८. चारही मडगार्ड, पायदाने आणि हेडलाइटचा आडवा दांडा गाडीबरोबर आले आहेत, पण सुटे. पुढचा उजवा मडगार्ड ब्रॅकेटपाशी फाटलेला आहे. शनिवार-रविवारी नवरा-बायको फिरायला नेणार, वर्षातून दोन-तीनदा घाट चढून टाहो तलावापर्यंत जाणार. ओळखीचे लोक म्हणतात, मडगार्ड लावले तर तो हॉट रॉड कसला! काय करावे?

आधी उत्तर देतो, कारणे मागून. लावा. फाटलेला दुरुस्त करून घ्या, चारही बसवा आणि एक पूर्ण वर्ष गाडी तशी चालवा. नंतर काढावेसे वाटले तर ते एका दुपारचे काम आहे. काढून टाकले, भोके वेल्डिंगने बुजवली, ब्रॅकेट कापले आणि मग परत लावावेसे वाटले, तर तेच काम दोन-तीन महिन्यांचे होते. या गाडीच्या बाबतीत सर्वांत महागात पडणारी चूक मडगार्ड असण्या-नसण्याची नसते. परतीची वाट बंद करण्याची असते.

मडगार्ड काढण्याची रीत कुठून आली ते आधी पाहा. १९३० च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियातली पोरे मुरॉक आणि एल मिराज इथल्या कोरड्या तलावांच्या सपाट तळांवर वेग मोजायला जात. १९३७ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन स्थापन झाली आणि या प्रकाराला शिस्त आली. घरून निघताना गाडी पुरी, तलावावर पोचल्यावर मडगार्ड, पायदाने, हेडलाइट, समोरची काच काढून बाजूला, फेरी मारायची, पुन्हा जोडून घरी. वजन कमी करायचे, वाऱ्याचा अडथळा कमी करायचा, एवढाच हेतू. त्यातूनच मडगार्ड नसलेली, बॉडी चासीच्या वर जशीच्या तशी बसलेली ‘हायबॉय’ जन्मली. ओकलंडच्या प्रदर्शनात १९५० मध्ये अमेरिकेतल्या सर्वांत सुंदर रोडस्टरचे पहिले बक्षीस मिळाले ते बिल नीकॅम्प यांच्या बिनमडगार्डच्या १९२९ च्या फोर्डला. डोन स्पेन्सर यांची १९३२ ची हायबॉय १९९७ मध्ये पेबल बीचच्या जुन्या गाड्यांच्या नावाजलेल्या स्पर्धेत हॉट रॉडच्या पहिल्याच वर्गात जिंकली. तेव्हा बिनमडगार्डच्या रूपामागे मोठी परंपरा आहे, हे मान्यच. पण त्या परंपरेत मडगार्ड बोल्टने निघत होते आणि बोल्टने परत लागत होते. तासाला साठ-सत्तर मैलांच्या हमरस्त्यावर वजनाचा आणि वाऱ्याचा तो फायदा तुमच्या पायाला जाणवणारही नाही. उरते ते रूप. म्हणून रूपाचाच विचार नीट करू.

मडगार्ड काढल्यावर गाडी कशी दिसेल हे बॉडीपेक्षा चासी ठरवते. १९३२ च्या फोर्डची चासी यात एकटीच आहे. त्याआधीच्या मॉडेल ए मध्ये, म्हणजे १९२८ ते १९३१ च्या गाड्यांत, बॉडी आणि पायदान यांच्यामध्ये पत्र्याचे एप्रन असते आणि चासी त्यामागे लपते. लपणारच म्हणून ती साधी, सपाट, दिसायला ओबडधोबड केली आहे. १९३२ मध्ये फोर्डने ते एप्रन काढून टाकले. चासीचा बाजूचा दांडाच बाहेरून दिसणार म्हणून त्यावर बॉडीच्या खालच्या कडेबरोबर वळत जाणारी एक उठावरेषा दाबून काढली. मडगार्ड काढा, ती रेषा बंपरच्या टोकापासून मागच्या पेट्रोलच्या टाकीपर्यंत अखंड दिसते. हायबॉय म्हटले की १९३२ का आठवते त्याचे कारण हेच.

मॉडेल ए चे मडगार्ड काढले की तो साधा दांडा, त्यावरची भोके आणि बॉडीखालची फट उघडी पडते. म्हणूनच कित्येक जण मॉडेल ए ची बॉडी १९३२ च्या चासीवर चढवतात. तिथे मॉडेल ए चा व्हीलबेस साडेएकशेतीन इंच आणि १९३२ चा १०६ इंच, हा फरक पुढे बॉनेट आणि रेडिएटरच्या जागेत सांभाळावा लागतो. १९३३-३४ ची गोष्ट आणखी वेगळी. व्हीलबेस ११२ इंच, मडगार्डची वळणे बॉडीच्या वळणांशी इतकी जुळवलेली की काढल्यावर गाडी अर्धी सोलल्यासारखी वाटते. १९३३-३४ वाल्याने विचारले असते तर मी ‘लावा’ म्हणून विषय तिथेच संपवला असता. तुमच्याकडे १९३२ आहे म्हणून हा प्रश्न खरोखर प्रश्न आहे.

डोळ्यांनी ठरवायचे असेल तर अंदाजावर जाऊ नका. गाडी सपाट जागी उभी करा. टायरमध्ये नेहमीचा दाब, टाकीत निम्मे पेट्रोल. वीस फूट लांब जा, कॅमेरा चाकाच्या मधल्या टोपीच्या उंचीवर धरा, बाजूने, पुढच्या कोपऱ्यातून आणि मागच्या कोपऱ्यातून फोटो घ्या. मग मडगार्ड दोन-दोन बोल्टवर नुसते टांगून तेच फोटो पुन्हा. उभ्याने, पाच फुटांवरून पाहिलेली गाडी फसवते. वरून पाहताना मडगार्ड नेहमीच बोजड वाटतो. फोटोत एक गोष्ट खास बघा, ती म्हणजे टायर. मूळ गाडीला १८ इंची चाके आणि पाच-सव्वापाच इंच रुंदीचे टायर होते, मडगार्डचा घेर त्यावर बेतलेला. हॉट रॉडवर साधारण पुढे ५.००-१६ (आधी टायरची रुंदी, मग चाकाचा व्यास, इंचांत) आणि मागे ७.००-१६ किंवा ७.५०-१६ असे लहान-मोठे टायर असतात. मडगार्ड नसताना हाच उंचीतला फरक गाडीला पुढे झुकलेली ऐट देतो. मडगार्डखाली मात्र पुढचा लहान टायर हरवल्यासारखा दिसतो. मडगार्ड लावायचे असतील तर पुढे ५.५०-१६ किंवा ६.००-१६ घ्या. गाडी ‘रिकामी’ दिसते अशी तक्रार असते ना, ती बहुतेक वेळा टायरची असते, मडगार्डची नसते.

आता चालवतानाचे. गाडीत बसलेल्या माणसाच्या दृष्टीने पाहा: चाक फिरते तेव्हा टायरचा प्रत्येक बिंदू गाडीच्याच वेगाने धावत असतो. साठ मैलांच्या वेगाला सेकंदाला अठ्ठ्याऐंशी फूट. टायरला चिकटलेला खडा किंवा पाण्याचा थेंब चाकाच्या मागच्या बाजूने सुटला तर सरळ वर जातो, माथ्यावरून सुटला तर पुढे जातो आणि मग समोरचा वारा त्याला मागे ढकलतो. पुढच्या चाकाच्या बाबतीत याचा अर्थ काय? वर उडालेले सगळे वाऱ्याबरोबर काचेवर, काचेच्या कडेवरून आत, तुमच्या आणि शेजारच्याच्या तोंडावर. मागच्या चाकाच्या माथ्यावरून सुटलेले पुढे येते ते दरवाज्यावर ठेवलेल्या कोपरावर आणि मानेवर. छप्पर असलेल्या कूपेमध्ये यातले निम्मे पत्रा झेलतो. रोडस्टरमध्ये पत्रा नाही, माणूस आहे. टाहोकडे जाणाऱ्या रस्त्यांवर हिवाळा संपल्यावर बर्फासाठी टाकलेली बारीक खडी कडेला कितीतरी दिवस पडून असते. बिनमडगार्डच्या गाडीत त्या वेळी चष्मा नव्हे, चारही बाजूंनी बंद गॉगल लागतो, दोघांनाही.

इंजिनाकडे पाहा. जुन्या फ्लॅटहेड व्ही-८ चा डिस्ट्रिब्यूटर, म्हणजे स्पार्क प्लगना वीज वाटणारा भाग, इंजिनाच्या पुढच्या तोंडाशी, पंख्यामागे खाली बसतो. १९३२ पासून या इंजिनांची ती कायमची दुखरी जागा. मडगार्ड नाहीत, बॉनेटच्या बाजूही काढलेल्या, आणि पुढच्या चाकाने डबक्यातले पाणी उडवले की गाडी आधी अडखळते आणि मग बंद पडते. लोक कार्ब्युरेटरवर संशय घेऊन जेट बदलत बसतात. डिस्ट्रिब्यूटरची टोपी उघडून आत ओल आहे का पाहिले तर दोन मिनिटांत उत्तर मिळते. मडगार्ड काढणार असाल तर टोपीचे गॅस्केट नवे, वायरींच्या तोंडाशी रबरी बूट घट्ट, आणि चाक व इंजिन यांच्यामध्ये चासीच्या आतल्या बाजूने पत्र्याची छोटी आडपट्टी, एवढे तरी करा.

एक धोका क्वचितच कुणी बोलून दाखवतो आणि आपल्या घरांत तो जास्त आहे: साडीचा पदर आणि ओढणी. रोडस्टरच्या बैठकीपासून मागचे चाक हाताच्या अंतरावर असते आणि मडगार्ड नसेल तर ते पूर्ण उघडे. नर्तिका इझाडोरा डंकन १९२७ मध्ये फ्रान्सच्या नीस शहरात अशाच उघड्या गाडीत बसली असताना तिची लांब शाल मागच्या चाकात गुंतली आणि ती जागीच गेली. ओढणी मोटरसायकलच्या चाकात जाण्याचे अपघात आपल्याला नवे नाहीत. बिनमडगार्डच्या रोडस्टरमध्ये बसणाऱ्या कुणाच्याही अंगावर सैल, लोंबते कापड नको. हा नियम गाडीच्या किल्लीइतकाच पक्का ठेवा. लहान मुलाला शेजारी बसवणार असाल तर माझ्या मते मागचे मडगार्ड लागतातच. त्यावर चर्चा नको.

कायदा. कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्यातले कलम २७६०० सांगते की चाकांमागे उडणारे पाणी-चिखल रोखेल असे मडगार्ड, झाकण, पडदी किंवा तसे काम करणारी बॉडी गाडीला हवी, आणि त्याची रुंदी निदान टायरच्या ट्रेडइतकी हवी. १९७१ सुरू होण्याआधी बनलेल्या आणि नोंदलेल्या गाड्यांना सूट आहे, पण रिकाम्या गाडीचे वजन १,५०० पौंडांच्या आत असेल तरच. तुमची गाडी दोन हजार पौंडांच्या वर भरेल. म्हणजे ‘जुनी गाडी आहे, चालते’ हे ऐकीव ज्ञान तुम्हाला लागू नाही. रस्त्यावर बिनमडगार्डच्या शेकडो गाड्या दिसतात, पोलीस थांबवत नाहीत, हे खरे. पण थांबवले तर कागदावर तुमची बाजू नाही, आणि तुमच्या टायरने उडवलेल्या खड्याने मागच्याची काच फुटली तर विमेवालाही हेच कलम काढेल. वॉशिंग्टन राज्याचा नियम उदार आहे: चाळीस वर्षांहून जुनी किंवा स्ट्रीट रॉड म्हणून जपलेली गाडी कोरड्या हवेत, चांगल्या पक्क्या रस्त्यावर बिनमडगार्डची चालते. राज्याची हद्द ओलांडून जाणार असाल तर त्या त्या राज्याचे कलम आधी वाचून ठेवा.

जाता जाता, पुढेमागे गाडी भारतात न्यायचा कुणाचा बेत असेल तर: २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज म्हणून नोंदणीला पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपातली, चासी-बॉडी-इंजिनात मोठा बदल न केलेली गाडी लागते. हॉट रॉड त्यात बसवणे अवघड आहे. मूळ भाग जपून ठेवण्याला हे आणखी एक कारण.

तर, लावायचे कसे.

फाटलेल्या उजव्या मडगार्डपासून सुरुवात करा. पुढचा मडगार्ड म्हणजे मोठा, लांब, हलणारा पत्रा आणि तो थोड्याच जागी धरलेला. हेडलाइट आणि त्यांचा आडवा दांडा यांचे हादरेही त्याच्याच वाट्याला येतात. म्हणून तडा नेहमी ब्रॅकेटच्या बोल्टच्या भोकापासून निघतो आणि कडेच्या दुमडीकडे धावतो. रंग खरवडून तड्याचे खरे टोक शोधा. डोळ्यांना दिसते त्याच्या पुढे अर्धा-पाऊण इंच ते असते. टोकाला १/८ इंचाचे भोक पाडा, नाहीतर वेल्डिंगनंतर तडा तिथूनच पुढे जाईल. टिग वेल्डिंगने, एका वेळी अर्धा इंच, मध्ये थंड होऊ देत तडा बुजवा. मग खालच्या बाजूने १८ गेजच्या पत्र्याचा सुमारे दोन बाय तीन इंचांचा तुकडा, कोपरे गोल करून, भोकाभोवती लावा. कोपरे टोकदार ठेवले तर पुढचा तडा त्याच कोपऱ्यातून येतो. हे सगळे होण्याआधी लांबीला (पुट्टीला) हात लावू नका. तड्यावर भरलेली लांबी पहिल्याच उन्हाळ्यात रेघ दाखवते.

बसवण्याचा क्रम चुकला तर काहीच जुळत नाही. आधी बॉडी चासीवर शेवटच्या जाडीच्या रबरी गाद्यांवर बसवून घट्ट करा. मग दरवाज्यांच्या फटी. मग रेडिएटर आणि बॉनेट. त्यानंतर पायदाने, मग मागचे मडगार्ड, शेवटी पुढचे. लोक आधी मडगार्ड लावतात आणि नंतर दरवाजा नीट लागावा म्हणून बॉडीखाली पट्टी सरकवतात. एक अष्टमांश इंच बॉडी उचलली की मागच्या मडगार्डची सगळी भोके सरकतात. सर्व बोल्ट बोटांनी फिरतील इतके सैल ठेवून चारही मडगार्ड आणि दोन्ही पायदाने अंगावर येऊ द्या, मगच मधून टोकांकडे आवळत जा. हा पूर्ण प्रयोग रंगाआधी, उघड्या पत्र्यावर, एकदा झालाच पाहिजे. रंगवलेल्या मडगार्डचे भोक कानशीने वाढवताना कानस निसटली तर काय होते ते सांगायला नको.

बोल्ट बहुतेक ५/१६ इंचाचे, इंचाला १८ आट्यांचे आहेत. वायसर मोठे घ्या, पत्रा पातळ आहे. मागचा मडगार्ड आणि बॉडी यांच्यामध्ये पायपिंग येते, म्हणजे कडेला गोल दोरी शिवलेली पट्टी. दोरी बाहेरच्या बाजूला, दिसेल अशी. बोल्ट येतील तिथे पट्टीला कात्रीने उलट्या ‘व्ही’ची खाच द्या. भोक पाडून ओवत बसलात तर पट्टी एका जागी ताणते आणि दुसरीकडे सुरकुतते. वळणावर ती नीट बसावी म्हणून आधी अर्धा तास उन्हात ठेवा. आवळताना टॉर्क पाना आठ ते दहा फूट-पौंडांवर थांबवा. त्याहून जास्त आवळले की दोरी चपटी होऊन तिथे पाणी शिरते आणि गंज आतून सुरू होतो.

आता टायर घासतो का ते. मडगार्ड असलेल्या हॉट रॉडची ही खरी परीक्षा, आणि उभ्या गाडीत ती कधीच कळत नाही. पुढे चार इंच उतरवलेला ॲक्सल असेल तर गाडी आधीच खाली आलेली असते, आणि खड्ड्यात चाक आणखी तीन इंच वर येते. तपासायचे असे: पुढच्या आडव्या पाट्याचे (लीफ स्प्रिंगचे) मुख्य पान सोडून बाकीची पाने काढा, शॉक ॲब्सॉर्बरचे दुवे सोडा, गाडी लोखंडी घोड्यांवर (स्टँडवर) पक्की टेकवा. मडगार्डच्या आतल्या बाजूला मळलेल्या घट्ट कणकेचे लिंबाएवढे गोळे पाच-सहा जागी चिकटवा. जॅकने ॲक्सल रबरी आडणीला टेकेपर्यंत वर घ्या, स्टीअरिंग डावीकडे पूर्ण, उजवीकडे पूर्ण फिरवा, पुन्हा खाली. गोळे काढून जाडी मोजा. कुठेही पाऊण इंचाहून कमी उरत असेल तर ती जागा दुरुस्त करायची. बहुतेक वेळा ती पुढच्या मडगार्डच्या मागच्या पोटाशी, चाक पूर्ण वळलेले असताना सापडते. उपाय म्हणून मडगार्ड ठोकून फुगवू नका. आधी चाकाचा ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसते ते) पाहा, मग टायरची रुंदी, मग स्टीअरिंगची थांबणी.

मागे सगळा खेळ ॲक्सलच्या रुंदीचा आहे. मडगार्ड असताना ब्रेकच्या एका ड्रमपासून दुसऱ्या ड्रमपर्यंत साधारण ५६ ते ५७ इंचांचा ॲक्सल लागतो. तो रुंद असेल तर टायरची बाहेरची कड मडगार्डच्या ओठाला लागते. मागच्या मालकाने बिनमडगार्डची गाडी म्हणून रुंद ॲक्सल बसवला असेल, तर मडगार्डची ऑर्डर किंवा रंगकाम देण्याआधी हे माप घ्या. हा प्रकार फार वेळा निघतो.

मडगार्डची आतली बाजू विसरू नका. खडे आतून मारतात आणि बाहेर रंगावर पुळ्या उठतात. लोखंडी मडगार्डला आतून इपॉक्सी प्रायमरवर रबरी अंडरकोटिंगचे दोन-तीन हात द्या. फायबरचे मडगार्ड असतील तर हे आणखी गरजेचे: आतून बसलेल्या खड्याने बाहेरच्या थरावर कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे उमटतात आणि ते रंगाने झाकत नाहीत. फायबरला बोल्टखाली लोखंडी पट्टीही हवी, नाहीतर भोक हळूहळू लांबट होते. रंगाबद्दल एवढेच की मडगार्ड काळे आणि बॉडी दुसऱ्या रंगाची ही जुनी जोडी १९३२ ला खुलते, आणि पुढे मडगार्ड काढले तरी बॉडीचा रंग पूर्णच राहतो. पण काळा रंग पत्र्याची प्रत्येक लाट दाखवतो. लांब ठोकळ्यावर कागद लावून घासायला वेळ द्या.

वर्षभराने काढायचे ठरले तर.

प्रत्येक बोल्टवर दोन दिवस आधीपासून गंज सोडवणारे तेल. बॉडीतले नट पिंजऱ्यात अडकवलेले असतात. नट आत फिरू लागला तर ओढाताण न करता बोल्टचे डोके पातळ चकतीने कापा. बॉडीचा पत्रा वाकवण्यापेक्षा एक नट गमावलेला बरा. पायदानांची किंवा मडगार्डची ब्रॅकेटे चासीला रिव्हेटने असतील तर रिव्हेटचे डोके ग्राइंडरने सपाट करा, मध्यभागी भोक पाडा आणि पंचने मागे ठोका. गॅस कटर लावू नका. मूळ चासीचा पत्रा उष्णतेने वाकतो आणि ती उठावरेषा डोळ्यांदेखत लाट घेते. निघालेला प्रत्येक भाग चिठ्ठी बांधून, तेल पुसून, छपराखाली उभा नव्हे, टांगून ठेवा. मडगार्ड जमिनीवर कडेवर उभा ठेवला की वर्षभरात कड वाकते.

बॉडीवरची मागच्या मडगार्डची भोके बुजवू नका. घुमटी डोक्याचे छोटे बोल्ट बॉडीच्या रंगात रंगवून लावा, किंवा रबरी बुचे. ओळीने बसलेले बोल्ट या गाडीवर मुळीच वाईट दिसत नाहीत, उलट हायबॉयचा खरेपणा त्यांत दिसतो. हेडलाइट मडगार्डसोबत जातात, म्हणून पुढच्या शॉकच्या जागी बसणारे, हेडलाइट आणि शॉक दोन्ही धरणारे स्टँड घ्या. कॅलिफोर्नियात हेडलाइटचे केंद्र जमिनीपासून २२ ते ५४ इंचांत हवे. स्टँड ठरवताना गाडी भरलेल्या वजनावर मोजा, कारण खाली आणलेल्या गाडीत ते २२ च्या काठावर येते. मागचे दिवे म्हणून १९३९ च्या फोर्डचे थेंबाच्या आकाराचे दिवे बॉडीवर बसवण्याची पद्धत आहे, पण त्यासाठी बॉडीत भोके पडतात. टाकीच्या वर जाणाऱ्या आडव्या पट्टीवर नंबरप्लेटबरोबर दिवे बसवले तर परतीची वाट उघडी राहते. ब्रेकचे होज, पेट्रोलची नळी आणि वायरी चासीच्या आतल्या बाजूने न्या. मागची टाकी उघडी आहे. तिच्या खालच्या अर्ध्या भागाला खड्यांपासून वाचवणारा जाड थर द्या.

मधला मार्गही आहे: चाकाबरोबर वळणारे छोटे, सायकलसारखे मडगार्ड. कलम २७६०० चे पोट त्यांनी भरते, जर ते ट्रेडइतके रुंद असतील तर. बाजारात मिळणारे बरेच अरुंद असतात, टेप लावून घ्या. टायरच्या रुंदीत एक इंच मिळवा, दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा. टायरपासून सव्वा इंच दूर; त्याहून जवळ आणले तर टायरच्या खाचेत अडकलेला खडा ओरखडा काढतो. कमान माथ्याच्या थोडी पुढून सुरू होऊन मागे ॲक्सलच्या उंचीपर्यंत यायला हवी. नुसता माथा झाकला तर वर सांगितलेला सरळ वर जाणारा फवारा तसाच राहतो. ब्रॅकेट ३/१६ इंचाच्या पट्टीचे किंवा ५/८ इंचाच्या सळईचे, दोन ठिकाणी, ब्रेकच्या बॅकिंग प्लेटच्या बोल्टवर, मडगार्डशी जोडताना मध्ये रबर. इथे सर्वाधिक चुका होतात. हा मडगार्ड पाट्याच्या वरच्या बाजूला नाही, चाकाबरोबर उडतो. रस्त्याचा प्रत्येक हादरा कमी न होता त्याला बसतो आणि एकाच ब्रॅकेटवर टांगलेला असेल तर वेल्डिंगच्या कडेला तुटतो. तुटून चाकात गेलेला मडगार्ड चाक अडवू शकतो, आणि तो पुढचा असेल तर स्टीअरिंगही. म्हणून पहिल्या शंभर मैलांनंतर आणि पुढे दर सर्व्हिसला त्या वेल्डिंगच्या कडा पुसून, टॉर्चने, बोट फिरवून पाहा.

मूळ मडगार्डनाही हीच वेळापत्रकाची शिस्त लागते. नव्या पायपिंगची दोरी दबते, बोल्ट सैल होतात. शंभर मैलांना एकदा, पाचशेला एकदा पाना फिरवा. टाहोला निघण्याच्या आदल्या संध्याकाळी पुढच्या उजव्या मडगार्डखाली हात घालून जुन्या तड्याच्या जागेवर अंगठा फिरवा. रंगाखाली केसाएवढी रेघ लागली तर त्या दिवशी जवळचाच रस्ता घ्या.